छातीचं मांस तोंडात का लावतात? फ्लॅप सर्जरी, सोप्या भाषेत

शिरपूरकडे किंवा नवापूरजवळ गुटख्याचा ट्रक पकडला, ही बातमी खान्देशात आता कोणी शेवटपर्यंत वाचतही नाही. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे आणि पुडी मागितली की मिळते, दोन्ही गोष्टी सगळ्यांना ठाऊक आहेत. त्या ट्रकचा माल पुढे कुठे पोचतो ते पेपरात येत नाही, पण गावात दिसतं. कोणीतरी ऑपरेशन करून घरी येतो. नाकात नळी, गालात वेगळ्याच रंगाच्या कातडीचा तुकडा, गळपट्टीच्या हाडावर फुगवटा आणि छातीवर स्तनाग्राखालपर्यंत गेलेला लांब व्रण. भेटायला आलेला प्रत्येक जण हेच विचारतो, की ऑपरेशन तोंडाचं होतं ना, मग छाती कशाला फाडली? ओट्यावर कुजबुज सुरू होते, ‘छातीनं मास तोंडमा लायं म्हनतस.’ तिथून मग गोष्ट वाढत जाते. आता तोंडात केस उगवणार, हात कामातून गेला, डॉक्टरांनी प्रयोग करून पाहिला.

मांस छातीचंच लावतात, हे खरं आहे. प्रयोग मात्र नाही. जगभर चाळीसहून जास्त वर्षं चाललेलं हे ऑपरेशन आहे आणि ते नसतं तर तोंडाच्या मोठ्या कॅन्सरला सर्जनने हातच लावला नसता.

आधी खड्डा किती मोठा, ते समजून घ्या

आपल्याकडे तंबाखू ओढण्यापेक्षा चघळण्याची सवय जास्त. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातले २४.४ टक्के प्रौढ धूर नसलेली तंबाखू वापरत होते; विडी-सिगारेट ओढणारे ४ टक्क्यांच्या आत होते. चुना लावून मळलेली तंबाखू असो, मावा असो की पुडी, तिचा बार गाल आणि खालची हिरडी यांच्या खाचेत भरतात. बायकांची मिश्री हिरडीवरच घासली जाते. कॅन्सरही बहुतेकदा तिथेच धरतो. बिनतंबाखूची म्हणून खपवलेली सुपारीही निर्दोष नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने सुपारीला कॅन्सरकारक ठरवलं त्याला वीस वर्षं उलटली.

गाठ काढताना सर्जन नुसती गाठ काढत नाही. डोळ्यांना दिसणाऱ्या कडेच्या बाहेर सगळीकडून साधारण १ सेंटिमीटर निरोगी भागही घेतो, कारण कॅन्सरच्या पेशी कडेपलीकडे पसरलेल्या असू शकतात. म्हणजे २ सेंटिमीटरच्या गाठीसाठी ४ सेंटिमीटरचा खड्डा. खोलीलाही हाच हिशेब लागतो. गाल मुळात पातळ. आतली गाठ बाहेरच्या कातडीजवळ आली असेल तर कातडीही जाते आणि गालाला आरपार भोक पडतं. हिरडीखालचं जबड्याचं हाड धरलं असेल तर त्याचा तुकडा जातो. शिवाय मानेतल्या लसीका ग्रंथी काढाव्या लागतात, कारण तोंडातला कॅन्सर पहिल्यांदा तिथे उतरतो.

डिस्चार्ज कार्डावर हे सगळं तीन ओळींत असतं. ‘कॉम्पोझिट रिसेक्शन’ म्हणजे गाल-हिरडी-हाड एकत्र काढलं. ‘नेक डिसेक्शन’ म्हणजे मानेतल्या ग्रंथी काढल्या. आणि ‘पीएमएमसी फ्लॅप’ म्हणजे पडलेला खड्डा छातीच्या स्नायूने आणि कातडीने भरला. आपला विषय ही तिसरी ओळ.

नुसते टाके घालून का भागत नाही?

खड्डा लहान असेल तर भागतं आणि तसंच करतात. मोठ्या खड्ड्याच्या कडा ओढून शिवल्या तर तोंड उघडत नाही. गुटख्याने आधीच तोंड आखडलेलं असेल, म्हणजे स्वतःची तीन बोटं उभी आत जात नसतील, तर उरलंसुरलं उघडणंही बंद होतं.

मग मांडीची पातळ कातडी काढून लावावी का? भाजलेल्या रुग्णाला लावतात ती. तिला ग्राफ्ट म्हणतात. फ्लॅप आणि ग्राफ्ट यांतला फरक इथे समजला की पुढचं सगळं सोपं आहे. जळगावकडच्या वाचकाला ठिबकचं उदाहरण पुरेल. ग्राफ्ट म्हणजे रोप उपटून दुसऱ्या वाफ्यात लावणं. त्या वाफ्यात ओल असेल तर जगेल, खडक असेल तर सुकेल. फ्लॅप म्हणजे रोप मुळाच्या मातीसकट आणि पाणी देणाऱ्या नळीसकट उचलून शेजारच्या वाफ्यात ठेवणं, नळी मूळ लाइनला जोडलेलीच. खाली खडक असला तरी पाणी चालू राहतं. शरीरात पाण्याच्या जागी रक्त आणि नळीच्या जागी रक्तवाहिनी.

तोंडातल्या खड्ड्याच्या तळाला बहुधा हा खडकच असतो. कापलेलं हाड, कधी धातूची पट्टी, वरून दिवसरात्र लाळ. मानेत तर ग्रंथी काढल्यावर मेंदूकडे जाणारी मोठी रोहिणी जवळजवळ उघडी पडते. जखम फाटून तिच्यावर लाळ झिरपत राहिली तर ती कुजून फुटू शकते आणि मग वाचवायला फार वेळ मिळत नाही. फ्लॅपचा जाड स्नायू तोंडाकडे जाताना मानेतून जातो आणि या रोहिणीवर पांघरला जातो. नातेवाइकांना गालावरचा तुकडा दिसतो. आत झालेलं हे काम दिसत नाही.

छातीतून तोंडापर्यंतचा रस्ता

छातीवर पुढच्या बाजूला पंख्याच्या आकाराचा मोठा स्नायू असतो, पेक्टोरॅलिस मेजर. जोर मारणाऱ्यांची छाती फुगते ती याच्यामुळे. त्याला रक्त देणारी मुख्य वाहिनी गळपट्टीच्या हाडाच्या मध्याखालून निघते आणि स्नायूच्या आतल्या अंगाने खाली उतरते. सगळी किमया या वाहिनीच्या जागेत आहे. मूळ वर, गळ्याजवळ. म्हणून स्नायूचं खालचं टोक सोडवलं की तो या मुळाभोवती फिरवून वर नेता येतो.

सर्जन आधी तोंडातला खड्डा मोजतो. तेवढ्या मापाचा कातडीचा तुकडा स्तनाग्राच्या आतल्या-खालच्या बाजूला शाईने आखतो. तो तुकडा खालच्या स्नायूपासून सुटू देत नाही, कारण कातडीला रक्त स्नायूतूनच येणाऱ्या बारीक वाहिन्यांनी मिळतं. मग कातडी आणि स्नायू एकत्र बरगड्यांवरून उचलायचं, मागच्या बाजूला धडधडणारी वाहिनी डोळ्यांसमोर ठेवत वर सरकायचं आणि गळपट्टीच्या हाडावरून, मानेच्या कातडीखाली केलेल्या बोगद्यातून हा सगळा ऐवज तोंडात आणायचा. कातडीची बाजू तोंडाच्या पोकळीकडे ठेवून कडेने टाके. गालाला आरपार भोक असेल तर कातडीचा लांब तुकडा घेऊन त्याची घडी घालतात, म्हणजे एक भाग आतून अस्तर होतो आणि दुसरा बाहेरून गाल. छातीची जखम आजूबाजूची कातडी ओढून तिथल्या तिथे शिवली जाते.

अमेरिकन सर्जन स्टीफन एरियन यांनी १९७९ मध्ये डोक्या-मानेच्या ऑपरेशनांसाठी ही पद्धत मांडली आणि थोड्याच वर्षांत ती जगभर गेली. मूळ न तोडता मांस फिरवण्याची कल्पना मात्र आपल्याकडे फार जुनी. सुश्रुतसंहितेत नाक जोडण्याची कृती आहे. इंग्रजी फौजेत बैलगाडी हाकणाऱ्या आणि टिपूच्या कैदेत नाक कापलं गेलेल्या कावसजीला पुण्याकडच्या एका देशी वैद्याने कपाळाची कातडी फिरवून नाक करून दिलं, ती हकिकत १७९४ मध्ये लंडनच्या मासिकात छापून आली आणि युरोपातले सर्जन ती वाचून कामाला लागले. त्या वैद्याचं नाव कोणी लिहून ठेवलं नाही, याचं मला अजून वाईट वाटतं.

मुंबईत पायाचं हाड, हाताची कातडी लावतात म्हणे

लावतात. भुसावळहून रात्रीच्या गाडीने मुंबई गाठलेल्या अनेक कुटुंबांना तिथे ‘फ्री फ्लॅप’ हा शब्द ऐकू येतो. मनगटाजवळची पातळ कातडी, मांडीचा तुकडा किंवा नडगीशेजारचं बारीक हाड हे रक्तवाहिनीसकट पूर्ण कापून काढायचं आणि मानेतल्या दुसऱ्या वाहिनीला जोडायचं. ठिबकची नळी तोडून दुसऱ्याच लाइनला जॉइनर मारावा तसं, फक्त इथे नळी दोन-तीन मिलिमीटरची, टाके मायक्रोस्कोपखाली घालायचे आणि धागा केसाहून बारीक. ऑपरेशन बरंच लांबतं, कसलेली टीम लागते, आणि जोडात रक्ताची गुठळी धरली तर काही तासांत पुन्हा टेबलावर घ्यावं लागतं.

मग छातीचा फ्लॅप म्हणजे गरिबांचं ऑपरेशन का? अनेक जण असंच समजतात, आणि कधी कधी डॉक्टरही बोलताना तसा सूर लावतात. मला हे अर्धंच पटतं. हनुवटीचं हाड जाणार असेल तर नडगीशेजारचं हाड आणणंच योग्य. हनुवटी हाडाविना ठेवली तर खालचा ओठ ढासळतो, लाळ गळत राहते, जिभेला आधार उरत नाही. छातीचा फ्लॅप हाड आणत नाही. जिभेचा अर्धा भाग काढला तर उरलेली जीभ हलती राहावी म्हणून मनगटाची पातळ कातडी सरस. अशा वेळी ‘इथेच उरकून टाका’ म्हणू नये. मोठ्या केंद्राचा सल्ला जरूर घ्यावा.

पण गालाचा मोठा खड्डा आणि बाजूचा जबडा गेलेला, रुग्ण साठीचा, मधुमेह, पायाच्या रक्तवाहिन्या खराब, किंवा आधी रेडिएशन होऊन मान कडक झालेली, अशा माणसाला दहा तास भूल देण्यापेक्षा छातीचा भरवशाचा फ्लॅप शहाणपणाचा. तो पूर्ण मरण्याचं प्रमाण कमी आहे, आणि फ्री फ्लॅप फसला तर मोठमोठे सर्जनही शेवटी छातीकडेच वळतात. त्याचा जाडपणा गालात बोजड वाटतो खरा, पण संपूर्ण जीभ काढावी लागते तेव्हा तोच कामाला येतो, कारण तिथे तोंडाचा तळ भरून काढणारं मांसच हवं असतं.

घशाच्या ऑपरेशनात छातीचं काय काम?

हे तोंडापेक्षा कमी लोकांना माहीत आहे आणि गैरसमजही इथे जास्त. स्वरयंत्राचा कॅन्सर वाढला की स्वरयंत्र काढतात आणि श्वासासाठी मानेत कायमचं भोक ठेवतात. मागे उरते ती अन्ननलिकेकडे जाणारी वाट. तिचं अस्तर पुरेसं शिल्लक असेल तर तेच गुंडाळून शिवलं जातं. कमी असेल तर फ्लॅपची कातडी आतल्या बाजूला ठेवून भिंत पुरी करतात. अगदीच कमी असेल तर नळीचा आकारही देतात.

ज्याला आधी रेडिएशन झालं आहे आणि तरी कॅन्सर उलटला, त्याच्या घशाची कातडी सहज भरून येत नाही. टाके सुटतात आणि गिळलेली लाळ मानेतून बाहेर येते. याला फिस्टुला म्हणतात. घरच्यांना ते असं कळतं: ऑपरेशननंतर आठवड्याच्या आसपास मानेवरची पट्टी ओली लागते, जागा लाल होते, ताप येतो, चुकून पाण्याचा घोट दिला तर तो गळ्यातून बाहेर. मग तोंडाने सगळं बंद, नळीतून अन्न, रोज ड्रेसिंग, आणि कधी कधी यात महिने जातात. हे टाळण्यासाठी सर्जन काही वेळा भिंत शाबूत असतानाही छातीचा नुसता स्नायू, कातडीशिवाय, टाक्यांच्या रेषेवर आणून पसरतो. निरोगी, रक्ताने भरलेला स्नायू रेडिएशनने थकलेल्या जागेला भरून यायला मदत करतो. ‘घसा शिवला होता ना, मग वर मांस कशाला?’ या प्रश्नाला उत्तर एवढंच.

पहिले काही दिवस नर्स सारखं बोट का लावते?

बोटाने दाबलं की फ्लॅपची कातडी पांढुरकी पडते आणि बोट काढल्यावर दोनेक सेकंदांत पुन्हा रंग धरते. तसं झालं तर रक्त खेळतंय. फिकट आणि गार लागली तर रक्त येत नाही. जांभळी-निळी झाली तर आलेलं रक्त परत जात नाही. शंका आली तर सुई टोचतात. लालभडक थेंब आला तर सगळं ठीक. तोंडात टॉर्च मारून हे दर काही तासांनी चालतं आणि रुग्ण वैतागतो, पण ते चालू द्यावं.

नातेवाइकांनी एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवावी. फ्लॅपची रक्तवाहिनी मानेतून कातडीखालून जाते. श्वासनळीतल्या नळीची मानेभोवतीची नाडी घट्ट बसली, रुग्ण त्या बाजूला मान मुरडून झोपला, किंवा कोणी मायेने गळ्याभोवती मफलर गुंडाळला, तर तीच वाहिनी दाबली जाते. तावीज-दोराही त्या दिवसांत उशाला ठेवावा, गळ्यात नको.

केस, चव, हात: ओट्यावरच्या शंका

तोंडात केस येतात का? येऊ शकतात. पुरुषाच्या छातीवर केस असतील तर ती कातडी तोंडात गेल्यावरही काही काळ तिचा धर्म सोडत नाही. बहुतेकांना नंतर रेडिएशन लागतं आणि त्याने केसांची मुळं बरीच जातात. उरलेले कापता येतात. लाजण्यासारखं त्यात काही नाही, डॉक्टरांना सरळ सांगावं.

परक्या जागेचं मांस शरीर नाकारणार नाही का? मांस स्वतःचंच आहे. किडनी दुसऱ्याची असते म्हणून ती नाकारली जाण्याची भीती आणि आयुष्यभर गोळ्या. इथे तो प्रश्नच नाही. फ्लॅप मरतो तो रक्त थांबल्याने.

हात अधू होतो का? जोर कमी होतो, हात जात नाही. समोरून मिठीत घेण्याची, ढकलण्याची ताकद घटते. खांद्याचे बाकीचे स्नायू बरंचसं सांभाळून घेतात. केळीचे घड खांद्यावर वाहणाऱ्याला फरक नक्की जाणवेल, कापूस वेचणाऱ्याला कमी. खांदा दुखतो तो अनेकदा मानेतल्या ग्रंथी काढताना खांदा उचलणाऱ्या नसेला ताण बसल्याने, आणि खापर फुटतं छातीच्या फ्लॅपवर. फिजिओथेरपिस्टने दाखवलेला व्यायाम ‘टाके तुटतील’ या भीतीने सोडलेले लोकच वर्षभराने हात वर जात नाही म्हणून तक्रार करतात. बायकांच्या बाबतीत स्तनाचा आकार बदलतो. याबद्दल ऑपरेशनआधी बाईशी बोललं पाहिजे, नुसतं तिच्या नवऱ्याशी नव्हे. टाक्यांची जागा बदलून किंवा दुसरा फ्लॅप निवडून यातून वाट निघू शकते.

गळ्यावरचा फुगवटा? तो मानेतून वर गेलेला स्नायू. नस तोडलेली असल्याने तो काही महिन्यांत सुकत जातो आणि फुगवटा बसतो.

खाणं? सुरुवातीला नाकातल्या नळीतून गाळलेलं वरण, दूध, अंडं, दुधात घोटून गाळलेलं केळं. मग हळूहळू तोंडाने मऊ अन्न. फ्लॅपच्या कातडीला चव कळत नाही, गरम-गारही नीट कळत नाही, म्हणून चहा पोळतो आणि समजत नाही. चव उरलेल्या जिभेला कळते. वरण-बट्टीतली बट्टी बारीक चुरून, कळण्याची भाकरी दुधात कुस्करून बरेच जण खातात. ठेचा आणि झणझणीत शेवभाजी मात्र रेडिएशननंतरच्या कोरड्या तोंडाला बहुधा परत सोसत नाही. खान्देशी माणसाला हे छातीच्या व्रणापेक्षा जास्त लागतं. उलट, ज्याला आयुष्यभर ठेचा पचला त्याला तो अचानक झोंबू लागला, तोंड कमी उघडू लागलं, किंवा गालातला फोड दोन-तीन आठवड्यांत बरा झाला नाही, तर ती तपासणीची वेळ. त्या वेळी गेलं तर कित्येकदा फ्लॅप लागतच नाही.

‘चाकू लावला की कॅन्सर पसरतो’

हे वाक्य खान्देशात जेवढं नुकसान करतं तेवढं क्वचितच दुसरं कुठलं करत असेल. तुकडा काढून तपासल्याने तोंडाचा कॅन्सर पसरत नाही. लोकांना तसं वाटतं, कारण तपासणीनंतर काही महिने झाडपाल्यात आणि देवऋषीकडे जातात, गाठ तेवढ्या काळात वाढते आणि दोष सुईवर येतो. उशीर झाला की ४ सेंटिमीटरचा खड्डा ८ चा होतो, आतलं अस्तर पुरेल तिथे बाहेरचा गालही करावा लागतो.

वेळेचा दुसरा हिशेब ऑपरेशननंतरचा. ज्यांना रेडिएशन लागतं त्यांचं ते शक्यतो सहा आठवड्यांच्या आत सुरू व्हावं लागतं आणि त्याआधी जखम भरलेली हवी. उघड्या, पू वाहणाऱ्या जखमेवर ते देत नाहीत. फ्लॅपमुळे गाल नीटनेटका दिसतो हे खरं, पण माझ्या मते त्याचं मोठं काम हे आहे: सर्जनला हात आखडता न घेता गाठ काढता येते आणि रुग्ण वेळेत पुढच्या उपचाराला पोचतो. त्यामुळे टाके काढले, आता पेरणी उरकून मग मशीनचं बघू, असं करू नये.

खर्चाचं म्हणाल तर कॅन्सरची ऑपरेशनं महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत येतात, पण योजनेत नोंदलेल्या रुग्णालयातच. रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला रेशन कार्ड आणि आधार दाखवून भरती होण्याआधीच विचारावं. त्याच बैठकीत सर्जनलाही विचारून घ्यावं, की जबड्याचं हाड जाणार का आणि कुठलं, फ्लॅप कोणता आणि का, रेडिएशन कुठे घ्यायचं. घरी गेल्यावर पहिलं वर्षभर दर एक ते तीन महिन्यांनी तपासणी असते. तिला जाताना पिशवीत डिस्चार्ज कार्डासोबत तुकड्याचा तपासणी अहवालही ठेवावा. पुढचं वेळापत्रक डॉक्टर तोच वाचून ठरवतात.